प्रेस नाही, पण प्रिंट काढायचीय : वाचकांचे प्रश्न, प्रिंटमेकरची उत्तरं

या महिन्यात आलेल्या पत्रांत एक तक्रार जवळजवळ सगळ्यांची आहे, की प्रेस, म्हणजे दाब देऊन छापायचं यंत्र, नाही म्हणून काम अडलंय. मला ते पटत नाही. चांगली प्रिंट निघते ती धारदार हत्यार, नीट लाटलेली शाई आणि योग्य कागद यांच्यामुळे. प्रेसचा नंबर त्यानंतर येतो. प्रेस असूनही ज्यांच्या प्रिंट फिकट येतात त्यांचं या तिघांपैकी काहीतरी बिघडलेलं असतं. म्हणून यावेळी उत्तरं जरा लांबलीयत.

प्रश्न : मी घरीच लिनोकट (लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरून त्याची छपाई) करते, प्रेस नाही, चमच्याने घासून प्रिंट काढते. काळ्या भागात मीठ टाकल्यासारखे पांढरे ठिपके राहतात. ते जावेत म्हणून शाई वाढवली तर बारीक रेषा बुजतात. काय करू? (वाचक, सांगली)

ताई, शाई एकदम वाढवायची नाही, पातळ थरांत चढवायची. काचेवर शाईची छोटी पट्टी घ्या, पुट्टी लावायच्या पत्तीने ती आधी दोन-तीन मिनिटं चांगली घोटून घ्या म्हणजे मऊ होते, आणि मग रोलर सगळ्या दिशांनी फिरवा, दरवेळी उचलून, नाहीतर रोलरचा तोच भाग त्याच जागी येत राहतो. आता कान द्या. थर जाड असेल तर रोलर चट-चट असा चिकट आवाज करतो आणि शाईवर संत्र्याच्या सालीसारखे खड्डे दिसतात. थर बरोबर असला की आवाज बारीक होतो, सरसर असा, आणि शाई मखमली दिसते. हा आवाज एकदा कानात बसला की पुढे डोळ्यांनी तपासायची गरजच पडत नाही. असा पातळ थर लिनोवर तीन-चार वेळा द्या, दरवेळी रोलर काचेवर परत भरून. नवीन लिनो पहिल्या एक-दोन प्रिंटला शाई ओढून घेतो, त्या फिक्या येणारच, त्यांच्यावरून काही ठरवू नका.

दुसरी गोष्ट कागद. तुम्ही बहुतेक जाड हँडमेड किंवा ड्रॉइंगचा कागद घेताय. जाड कागदाच्या अंगावरचे उंचवटे शाईला टेकतात आणि खळगे कोरडे राहतात, तेच तुमचं मीठ. प्रेसच्या दाबाखाली हे खळगे सपाट होतात, हाताने होत नाहीत. हाताने प्रिंट काढायची तर पातळ, लांब धाग्याचा कागद घ्या, नेपाळी लोकता किंवा जपानी कोझोच्या जातीचा, गुळगुळीत बाजू खाली. दिसायला नाजूक असतो पण घासताना फाटत नाही, आणि मोठा फायदा म्हणजे मागून शाईची सावली दिसते, कुठे घासायचं राहिलंय ते लगेच कळतं.

घासायला स्टीलच्या चमच्यापेक्षा लाकडी डाव चांगला. स्टील गरम होतं नि कागदाला चकाकी आणतं. छोटी छोटी वर्तुळं काढत मधून कडेकडे जा. एक कोपरा उचलून बघायचं असेल तर उरलेला कागद तळहाताने गच्च दाबून धरा, जरा सरकला की रेघ दुहेरी आलीच.

सांगलीचा उन्हाळा म्हणाल तर एप्रिल-मेमधे तेलाची शाई नुसत्या उष्णतेने सैल होते आणि रेषांत उतरते. तेव्हा थोडी मॅग्नेशियम कार्बोनेटची पूड घोटून शाई घट्ट करा. थंडीत उलटं, जवसाच्या तेलाचे एक-दोन थेंब. शाईतल्या तेलाचं हे कमीजास्त करणं साधं वाटतं, पण आपले प्रिंटमेकर कृष्णा रेड्डी यांनी पॅरिसच्या अॅटेलिए 17 या प्रिंटमेकिंग स्टुडिओत, तो चालवणाऱ्या हेटर यांच्याबरोबर काम करताना याच तत्त्वावर एका प्लेटवरून एकाच वेळी अनेक रंग काढले. तेलकट शाई कडक रोलरने वरच्या पातळीवर द्यायची, मग घट्ट शाई मऊ रोलरने, ती खोल भागात बसते आणि तेलकट शाईवर चिकटतच नाही. त्यामुळे तेलाचा थेंब मोजून टाकायची सवय आत्तापासून लावून घ्या.

आणि पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की लोक म्हणतात लिनो म्हणजे शाळेतलं काम. चित्रकार चित्तप्रसाद मुंबईत अंधेरीला राहून लिनोवर काम करायचे. त्यांच्या प्रिंट बघा आणि त्या लोकांनाही दाखवा.

प्रश्न : टूलचा नवीन सेट घेतला, महिनाभर छान चालला, आता लिनोचे तुकडे पडतात आणि हात घसरतो. सेट खराब निघाला का? (विद्यार्थी, कोल्हापूर)

खराब नाही निघाला मित्रा, धार गेलीय. आणि हात घसरतोय तो बोथट टूलमुळेच. धारदार टूल कमी जोरात जातं म्हणून ते जास्त सुरक्षित.

महागडा दगड लगेच नको. हार्डवेअरच्या दुकानात किंवा गाड्यांचं पेंटिंग करणाऱ्यांकडे वॉटर पेपर मिळतो, 1000 आणि 2000 नंबरचा घे, काचेच्या तुकड्यावर चिकटव, वर दोन थेंब शिलाई मशीनचं तेल. व्ही टूलला दोन सपाट बाजू असतात, एकेक बाजू पूर्ण टेकवून घास, दोन्ही बाजूंना सारख्याच वेळा, नाहीतर टोक एका बाजूला ओढतं. मग खालची धारेची पाठ अगदी हलक्या हाताने फिरवून घे, तिथे बारीक आकडी राहिली तर ती लिनो फाडते. यू टूल मात्र सरळ घासायचं नाही, मनगटातून गोल लोळवत घासायचं, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. बाहेरून घासलं की आतल्या बाजूला धातूची बारीक पाती वळून येते, बोटाच्या नखाला लागते बघ. ती काढायला त्याच पेपरची घडी करून आतून एकदा फिरव. शेवटी चामड्याच्या जुन्या पट्ट्यावर हिरवी बफिंगची वडी घासून टूल मागे ओढायचं, नेहमी मागे, पुढे ढकललंस तर चामडं कापलं जाईल.

धार आली का ते लिनोच्या तुकड्यावर बघ. चर चकचकीत आणि काठ स्वच्छ असेल तर झालं. चर मळकट नि काठ कुरतडल्यासारखा दिसला तर परत पेपरवर.

काम करताना दर अर्ध्या तासाने चामड्यावर चार हात मारले तर पेपरवर जायची वेळ फार क्वचित येते. लिनोही बघून घे, तो जवसाचं तेल, बुचाचा (कॉर्कचा) भुसा आणि मागे तागाचं कापड असा बनतो, तेल हवेने सुकत जातं त्यामुळे जुना लिनो कडक आणि ठिसूळ होतो. दुकानात कोपरा किंचित वाकवून बघायचा, चिरा पडल्या तर घ्यायचा नाही. थंडीत कापायच्या आधी दहा मिनिटं उन्हात ठेव, लोण्यासारखा कापला जातो. आणि सुताराकडून एक फळी करून घे, खाली एक पट्टी टेबलाच्या कडेला अडकणारी, वर एक पट्टी लिनो अडवणारी. मग दुसरा हात टूलच्या मागे राहतो, पुढे येतच नाही.

प्रश्न : मला एचिंग (धातूच्या प्लेटवर अॅसिडने रेषा खोल करून त्यातून छपाई) करायचंय. कॉलेजमधे नायट्रिक अॅसिड वापरायचो. आता फ्लॅटमधे राहतो, बाल्कनी आहे. बाल्कनीत नायट्रिक वापरलं तर चालेल का? (वाचक, नाशिक)

नाही. अजिबात नको. नायट्रिकमधे प्लेट टाकली की जो तपकिरी धूर निघतो तो नायट्रोजन डायऑक्साइड, त्याचा फुफ्फुसावरचा परिणाम कधी कधी काही तासांनी दिसतो, तोवर माणसाला वाटतं काही झालं नाही. बाल्कनीच्या शेजारी दुसऱ्याची बाल्कनी असते, खाली मुलं खेळतात. कॉलेजमधे एक्झॉस्ट होता, वॉशबेसिन होतं, सोबत माणसं होती.

पण तुम्ही नाशिकचे, तुम्हाला तर पर्याय गल्लीतल्या कृषी सेवा केंद्रात मिळेल. मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. द्राक्षावर बोर्डो मिश्रण मारायला चुन्याबरोबर जे वापरतात तेच निळे खडे. झिंकच्या प्लेटसाठी मोरचूद आणि साधं मीठ सारख्या वजनाने घ्यायचं, एका लिटर पाण्याला साधारण 75 ग्रॅम हे आणि 75 ग्रॅम ते, एवढ्याने सुरुवात करा. मीठ पडलं की निळं पाणी हिरवट होतं. प्लेट आत गेली की जिथे झिंक उघडं आहे तिथे ते विरघळायला लागतं आणि त्याच्या जागी पाण्यातलं तांबं बाहेर पडतं, लालसर तपकिरी गाळाच्या रूपात, रेषेरेषेतून फुगून वर येतं. पहिल्यांदा बघणारा तिथेच बसून राहतो इतकं ते बघण्यासारखं असतं. हा गाळ मऊ पिसाने किंवा ब्रशने सारखा बाजूला करत राहायचा, नाहीतर खाली चर नीट खोल होत नाही. पाण्याचा रंग उतरत गेला की समजायचं तांबं संपत आलंय, द्रावण थकलं.

ट्रे प्लास्टिकचाच, लोखंडी किंवा अॅल्युमिनियमचा चुकूनही नाही, द्रावण त्यालाच खाईल. प्लेटच्या मागच्या बाजूला पॅकिंगची टेप लावा. अॅल्युमिनियमचा पत्राही याच द्रावणात चालतो आणि स्वस्त पडतो, उघडा ठेवलेला भाग खरखरीत होऊन आपोआप टोन येतो, पण तो जोरात रिअॅक्ट होतो, गरम होतो, हायड्रोजन निघतो, म्हणून द्रावण अर्ध्या ताकदीचं घ्या आणि जवळ गॅस, उदबत्ती काही नको.

धूर नाही म्हणजे धोका नाही असं मात्र नाही. मोरचूद विष आहे. हातमोजे, चष्मा, वेगळी भांडी जी परत स्वयंपाकघरात जाणार नाहीत, आणि खडे कुलुपात, कारण निळा रंग लहान मुलांना फार आवडतो. वापरलेलं द्रावण मोरीत ओतायचं नाही, तांबं मासे आणि पाण्यातले जीव मारतं. त्यात धुण्याचा सोडा थोडा थोडा घाला, फेस येईल, गाळ खाली बसेल, तो फडक्यातून गाळून सुकवून घट्ट झाकणाच्या डब्यात साठवा आणि धोकादायक कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. शेतकरी फवारतातच की, म्हणून झाडाला ओतू नका, प्रमाण वेगळं असतं.

फेरिक क्लोराइडबद्दलही विचारलंय. ते तांब्यासाठी उत्तम, इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांकडे सर्किट बोर्डसाठी मिळतं, रेषा फार स्वच्छ येते. त्यात प्लेट उलटी, तळापासून थोडी वर ठेवायची म्हणजे गाळ खाली पडतो. पण झिंक त्यात टाकायचं नाही, ते फार तापतं.

ग्राउंड, म्हणजे प्लेटचा न कोरायचा भाग द्रावणापासून वाचवणारा लेप, घरी करता येतो. मेण, राळ आणि डांबर, म्हणजे एचिंगवाले ज्याला अस्फाल्टम म्हणतात ते. मऊ ग्राउंड हवा तर त्यात थोडं ग्रीस. मात्र थेट आचेवर वितळवू नका, गरम पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवा. त्याआधी प्लेट तेलमुक्त हवी, खडूची पूड पाण्यात कालवून घासा नि नळाखाली धरा, पाण्याचा पडदा न फाटता सरळ उतरला पाहिजे. पाणी थेंब थेंब होऊन तुटलं तर तिथे बोटाचं तेल आहे आणि ग्राउंड नेमका तिथूनच उडणार. कडा कानशीने 45 अंशात उतरवा, तशाच ठेवल्या तर प्रेसमधे कागद कापतात.

आता प्रेस. इथे मात्र मान्य, एचिंगसारख्या चरातून छापायच्या कामाला, म्हणजे इंटॅग्लिओला, चमचा चालत नाही, चरातली शाई ओल्या कागदाने ओढून काढायला खरा दाब लागतो. पण त्यासाठी प्रेस विकत घ्यायला नको. प्लेट घरी तयार करा, आणि ज्या कला महाविद्यालयात किंवा स्टुडिओत प्रेस आहे तिथे दिवसाच्या भाड्याने प्रिंटिंग करा, विचारलं तर बरेच जण देतात. दरम्यान ऑफसेटच्या छापखान्यात वापरलेल्या अॅल्युमिनियमच्या प्लेट किलोवर मिळतात, त्यावर सुईने ड्रायपॉइंटचा सराव करा, अॅसिड लागतच नाही. सुईने उचललेली धातूची कड शाई धरते म्हणून ती मऊ काळी रेघ येते. ती कड दाबाने लवकर मोडते, जेमतेम पंधरा-वीस चांगल्या प्रिंट निघाल्या तरी पुष्कळ.

प्रश्न : जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. लिनो परवडत नाही आणि मुलांच्या हातात टूल द्यायची भीती वाटते. (शिक्षिका, गडचिरोली)

बाई, पुठ्ठा घ्या. जाड पुठ्ठ्यावर सुतळी, जाळीचं कापड, सुकलेली पानं, तांदूळ, फेविकॉलने चिकटवा, पूर्ण वाळू द्या, मग चपडी लाख स्पिरिटमधे विरघळवून तुम्ही स्वतः वरून दोन हात द्या, वर्गाबाहेर मोकळ्यावर, मुलांना ते काम नको. नाहीतर पुठ्ठा शाई पिऊन फुगतो. रोलरने शाई, वर पातळ कागद, तळहाताने घासायचं. याला कोलाग्राफ म्हणतात आणि मोठे कलावंतही हे करतात. लहानांसाठी पॅकिंगचा गुळगुळीत फोम आणि बोथट पेन्सिल एवढं पुरे, दाबून चित्र काढलं की झाला ब्लॉक. अक्षरं उलटी कोरायची हे मात्र आधी सांगू नका, पहिली प्रिंट उचलल्यावर त्यांना स्वतःला कळू द्या, वर्गात जो गलका होतो तो ऐका.

प्रश्न : जूनपासून प्रिंट वाळतच नाहीत, आठ दिवसांनीही हाताला काळं लागतं, आणि कागदाच्या गठ्ठ्यावर ठिपके आलेत. पावसाळ्यात काम बंदच ठेवायचं का? (वाचक, चिपळूण)

बंद नको, पण पद्धत बदला. तेलाची शाई हवेतला ऑक्सिजन घेऊन वाळते, दमट हवेत ते काम रेंगाळतं, आणि त्यातून तुम्ही ऑफसेटची शाई वापरत असाल तर ती मुळातच मशीनवर दिवसभर ओली राहावी म्हणून बनवलेली. कोबाल्ट ड्रायर घालता येतो, पण शाईच्या शेकडा एक-दोन भाग, त्याहून जास्त घातला तर वर साय धरते आणि आतून ओलीच राहते. प्रिंट एकावर एक ठेवू नका, दोरीवर चिमट्याने टांगा, पंखा थेट कागदावर नको, खोलीत हवा फिरती राहील असा. लाकडी कपाटात खाली साधा पिवळा बल्ब लावून वर ताराच्या जाळीवर प्रिंट पसरणं हा जुना उपाय आजही चालतो, फक्त बल्ब आणि कागद यांच्यात हातभर अंतर ठेवा.

कागद मे महिन्यातच प्लास्टिकमधे सीलबंद करा, आत सिलिका जेलच्या पुड्या, आणि गठ्ठा जमिनीवर किंवा बाहेरच्या भिंतीला टेकवून नाही. एचिंगसाठी ओलावलेला कागद पावसाळ्यात रात्रभर ठेवलात तर ठीक, पण दोन दिवस ठेवलात तर बुरशी ठरलेली, लागेल तेवढाच भिजवा. बुरशी आलेल्या कागदाला ओलं फडकं लावायचं नाही, ती पसरते. आधी कोरड्या हवेत पूर्ण सुकवा, मग घराबाहेर नेऊन मऊ ब्रशने झटका, तोंडाला मास्क लावून. तपकिरी डाग राहिलेच तर तो कागद प्रूफ, म्हणजे चाचणीच्या प्रती काढायला वापरा.

रोलर टांगून ठेवा, टेकवून ठेवला तर एका जागी चपटा होतो आणि पुढे प्रत्येक प्रिंटवर तिथे पट्टा येतो. टूलवर तेलाचा हात. आणि हे अगदी मनावर घ्या, जवसाच्या तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात ढीग करून ठेवायची नाहीत. तेल वाळताना उष्णता सोडतं, ढिगात ती बाहेर पडत नाही आणि फडकी आपोआप पेटतात, काडी न लावता. मोकळी पसरून वाळवा, नाहीतर पाण्याने भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाका. साफसफाईला रॉकेल हवंच असं नाही, आधी स्वयंपाकाचं साधं तेल लावून शाई सोडवा, मग भांड्याचा साबण.

प्रश्न : प्रदर्शनातून प्रिंट घेतली, खाली पेन्सिलने 7/25 लिहिलंय. पुढच्याच स्टॉलवर पेंटिंगची प्रिंट होती, तिच्यावरही 5/100 लिहिलेलं. दोन्ही एकच का? (वाचक, ठाणे)

नाही. तुमच्या प्रिंटचा अर्थ असा की त्या ब्लॉकच्या 25 प्रती काढायचं ठरलं आणि ही सातवी. सातवी पहिलीपेक्षा कमी दर्जाची नसते, आकडे बहुतेकदा सगळ्या वाळल्यावर टाकतात. डावीकडे आकडा, मधे चित्राचं नाव, उजवीकडे सही, पेन्सिलने, कारण पेनची शाई फिकी पडते आणि कागदात उतरते. ए.पी. (आर्टिस्ट्स प्रूफ) लिहिलेल्या चार-दोन प्रती कलावंताने स्वतःसाठी ठेवलेल्या असतात. दुसरी जी बघितलीत ती बहुतेक पेंटिंगचा फोटो काढून इंकजेटने छापलेली प्रत. ती भिंतीवर लावायला छान असेलही, पण तसं स्पष्ट न सांगता तिला लिमिटेड एडिशन प्रिंट म्हणून विकणं गैर आहे, आणि ज्यांनी महिनाभर ब्लॉक कोरला त्यांच्यावर अन्याय आहे. विकणाऱ्याला सरळ विचारा, ब्लॉक किंवा प्लेट कशाची होती. ज्याने काढलीय तो आनंदाने दहा मिनिटं सांगत बसेल.

प्रश्न : आजोळच्या देवघरात लक्ष्मीचं जुनं चित्र आहे, रवि वर्म्याचं म्हणतात. खरं कसं ओळखायचं, आणि साफ कसं करायचं? (वाचक, पुणे)

रवि वर्म्यांचा छापखाना 1894 साली मुंबईत सुरू झाला आणि पुढे लोणावळ्याजवळ मळवलीला गेला. तंत्रज्ञ जर्मन होते, त्यांच्यापैकीच फ्रिट्झ श्लायशर यांनी तो नंतर विकत घेतला. ही चित्रं दगडावरून छापलेली, दर रंगाला वेगळा दगड, वरून वॉर्निश. त्यामुळे एक दहापट भिंग घ्या आणि देवीचा गाल बघा. ठिपके वेडेवाकडे, लहानमोठे, हाताने टाकल्यासारखे दिसले आणि कुठे एखादा रंग रेषेबाहेर किंचित सरकलेला दिसला तर दगडावरची छपाई. ठिपके शिस्तीत ओळीने, फुलांसारख्या गोल नक्षीत असतील तर नंतरची ऑफसेटची प्रत. पण हे भिंग फक्त छपाईची पद्धत सांगतं, त्या काळी इतरही छापखाने अशीच देवादिकांची चित्रं काढायचे, म्हणून खालच्या पांढऱ्या पट्टीवर छापखान्याचं नाव आहे का ते बघा. फ्रेममधे बसवताना ती पट्टी कित्येकदा आत दुमडलेली असते. साडीवर जर, टिकल्या लावलेल्या असतील तर त्या घरातल्या बायकांनी हौसेने लावलेल्या असतात, त्या काढू नका.

ओल्या फडक्याने पुसायचं नाही, वॉर्निशवरही नाही. मागची प्लायवूडची पाटी काढा, तिचं आम्ल कागदाला पिवळा करतं, तिथे अॅसिड-फ्री बोर्ड घाला. कागद काचेला चिकटलेला दिसला तर ओढू नका, काच तशीच ठेवून चित्र आहे तसं कागद जतन करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्या.